बदामी म्हणजे दोष नाही

आमच्या कॉलेजच्या मैदानावर गवत कापायची एक लाल गाडी आहे. तिच्यावर बसून ती चालवतात, म्हणून तिला गाडी म्हणायचं. वेग पाहिला तर आमचे प्राचार्य जिना तिच्यापेक्षा लवकर चढतात. ही गाडी अठरा वर्षं आनंदरावांनी जिवंत ठेवली. मी इथला खेळाचा शिक्षक, भिवापूरचा, आणि कंत्राटी. म्हणजे या मैदानावर माझ्यापेक्षा गवताची मुळं पक्की.

आनंदराव मूळचे कन्हानचे. पोरवयात तिथल्या एका स्कूटर गॅरेजात राहिले आणि उस्तादाकडून एकच विद्या पुरी घेऊन निघाले: प्लग वाचायची. प्लग म्हणजे इंजिनाच्या डोक्यात बसवलेला, ठिणगी टाकणारा बोटभर तुकडा. तो खोलून काढला की त्याच्या टोकाचा रंग इंजिनाची तब्येत सांगतो. कोरडा काळा असेल तर पेट्रोल जास्त जातंय, हवेची जाळी कोंदली आहे. तेलकट काळा असेल तर आतलं तेल वर चढतंय. चुन्यासारखा पांढरा असेल तर इंजिन आतून भाजतंय, तिथल्या तिथे बंद करा. आणि बदामी असेल तर सगळं ठीक. "बदामी म्हणजे दोष नाही," हे आनंदराव अशा सुरात म्हणत की ऐकणाऱ्यानं उगाच घरी जाऊन आरशात आपली जीभ बघावी.

काढलेला प्लग ते कधी फेकत नसत. बिस्किटांच्या एका मोठ्या पत्र्याच्या डब्यात तो जायचा, दोऱ्यानं बांधलेल्या चिठ्ठीसकट. चिठ्ठीवर तारीख, रंग आणि दोष.

"आनंदरावजी," मी एकदा म्हटलं, "लोक पोरांच्या पत्रिका जपतात, तुम्ही प्लगांच्या जपता."

"पत्रिका खोटी निघते, सर. प्लग खोटं नाही बोलत."

माझी थट्टा करायची त्यांनाही हौस होती. मी मैदानावर पांढराशुभ्र सदरा घालून आलो की लांबूनच विचारत, "काहून सर, भिवापूरले साबण भेटत नाही का?" पिवळट दिसतो म्हणे. मी दोनदा साबण बदलला. एकदा चिडून इतकी नीळ घातली की पोरांनी विचारलं, सर, थंडी वाजून राहिली का? आनंदरावांना तोही सदरा पिवळाच दिसला. मी हसून सोडून दिलं. तिथंच थांबून विचार करायला हवा होता, पण थट्टेत माणूस कुठं थांबतो?

गाडी चालवायचा प्रीतम. तिशीचा, अबोल. रविवारी त्याची सहा वर्षांची दीक्षा कुंपणाच्या जाळीला नाक लावून उभी राहायची आणि तो गाडीवरून तिला एका हातानं सलाम ठोकायचा. पोरं त्याला पायलट म्हणत.

यंदा पावसाळा सरला, आमच्या स्पर्धा तोंडावर आल्या आणि गाडी बरोबर विसाव्या मिनिटाला बंद पडू लागली. थंड झाली की सुरू, पुन्हा वीस मिनिटांनी बंद. आनंदरावांनी शेडच्या सावलीत प्लग खोलला, त्याला वायर जोडून इंजिनाच्या अंगाला टेकवला आणि प्रीतमला चावी फिरवायला सांगितली. ठिणगी पडली.

"पिवळी पडून राहिली. निळी पाहिजे. आजकालच्या प्लगात दम नाही."

नवा प्लग आणला. त्यांना त्याचीही ठिणगी पिवळीच दिसली. वायर बदलली, पेट्रोल बदललं, हवेची जाळी झटकली. दोन दिवस गाडी चालवून त्यांनी प्लग पुन्हा काढला, डोळ्याजवळ नेला आणि निकाल दिला, "बदामी. दोष नाही."

मग गाडी बंद का पडते? हा प्रश्न कॅन्टीनच्या बाकावर, चहाच्या वेळी, सगळ्यांसमोर निघाला. आनंदरावांनी कप खाली ठेवला. "गाडी चांगली हाय. चालवणारा वाढल्या गवतात घुसवते अन् तिचा दम तोडते."

"काकाजी, मी काही करून नाही राहिलो," प्रीतम म्हणाला. "तुम्ही शिकवलं तसंच चालवतो."

"प्लग सांगून राहिला ना बापा."

"प्लगले काय माहीत, वर कोन बसला हाय?"

बाक हसला. आनंदराव हसले नाहीत. अठरा वर्षांत त्यांच्या निकालावर कोणी हसलं नव्हतं. त्यांचा शब्द प्राचार्यांपर्यंत गेला आणि संध्याकाळी प्रीतमच्या हातातून चावी जाऊन पाण्याचा पाईप आला. पोरं त्याला पायलटऐवजी अग्निशमन दल म्हणू लागली. रविवारी दीक्षा जाळीशी उभी राहिली तेव्हा तो कुंपणाकडे पाठ करून पाणी मारत राहिला. मीही काही बोललो नाही. कंत्राटी माणसाला मत असतं, ते तो घरी जाऊन मांडतो.

आता गाडीवर आनंदराव स्वतः बसू लागले. कडेकडेनं, हलक्या हातानं, अगदी आजाऱ्याला फिरवावं तशी त्यांनी ती चालवली. विसाव्या मिनिटाला बंद. दुसऱ्या आठवड्यात ते कोणी यायच्या आत, सकाळी सहाला येऊन चालवू लागले. मैदानाच्या मधोमध बंद पडलेल्या गाडीवर ते तसेच बसलेले मला दोनदा दिसले. तिसऱ्या आठवड्यात एका दुपारी त्यांनी मला शेडमध्ये बोलावलं.

समोर डबा उघडा होता. एका तळहातावर दोन प्लग. एक आत्ताच काढलेला, दुसरा अकरा वर्षांपूर्वीचा, त्याच्या चिठ्ठीवर लिहिलं होतं, "पांढरा. इंजिन भाजलं. नमुना." नव्या माणसाला शिकवायला म्हणून राखलेला.

"सर, रंग सांगा."

"माझ्या सदऱ्याचा का?"

"प्लगचा."

आवाज ऐकून मी सरळ झालो. "हा जुना पांढरा."

"अन् हा?"

"हाही पांढरा. जुन्याहून जास्त."

त्यांनी हात दाराच्या उजेडाकडे नेला. "मले दोन्ही बदामी दिसून राहिले," ते म्हणाले. मग त्यांनी माझ्या सदऱ्याकडे पाहिलं, आणि डबा झाकला.

पुढचं काम त्यांनी जवळजवळ न बघता केलं. पांढरा प्लग म्हणजे इंजिन भाजतंय. हे इंजिन हवेनं थंड होतं. मग हवा कुठं अडली? इंजिनावरचं झाकण खोलून त्यांनी बोटं आत घातली. थंडाव्यासाठी असलेल्या पत्र्यासारख्या पापुद्र्यांमधल्या फटीत गवताचा भुसा आणि धूळ बसून त्याचा घोंगडीसारखा घट्ट नमदा झाला होता. सळईनं आणि ब्रशनं त्यांनी तो तासभर खरवडून काढला. जमिनीवर ढीग झाला.

मी सल्ला दिला. माझे सल्ले नेहमी असेच असतात. "झालं ना साफ? आता चालेल. कोणाला सांगायची काय गरज? डोळ्यांचं कळलं तर तुम्हालाच शेडबाहेर काढतील. तीनच वर्षं राहिलीत तुमची."

"मले माहीत हाय ते." डब्यातून त्यांनी आणखी एक प्लग काढून माझ्यासमोर धरला. "पण याचं काय करू?"

तो त्या निकालाच्या दिवसाचा प्लग होता. पांढराफटक. चिठ्ठीवर त्यांचं सुबक अक्षर: "बदामी. दोष चालवणाऱ्याचा."

दुसऱ्या दिवशी चहाच्या वेळी, त्याच बाकावर, तीच माणसं होती. आनंदराव उभे राहिले. "प्रीतमनं गाडी नाही बिघडवली. इंजिनात भुसा कोंदला होता. प्लग पांढरा होता, तो मले बदामी दिसला. दोष माह्या डोळ्यात हाय."

या वेळी कोणी हसलं नाही. प्रीतम पाईप गुंडाळत होता, तो गुंडाळतच राहिला.

"एकवीस दिवस झाले, काकाजी."

"हो."

"पोरगी पुसे, बाबा, तुमची गाडी कोनं नेली?"

"मी नेली म्हणून सांग तिले."

प्रीतमनं पाईप खुंटीला टांगला. त्यानं काही माफबिफ केलं नाही; चावी घेतली आणि गेला. गाडी सुरू झाली. आनंदराव सीमारेषेवर उभे राहिले. थोड्या थोड्या वेळानं मला विचारत, "किती झाले?" सतरा. एकोणीस. वीस झाली तेव्हा त्यांनी विचारलं नाही, मीही सांगितलं नाही. बाविसाव्या मिनिटाला गाडी आमच्यासमोरून गेली, आणि प्रीतमनं मान वळवून त्यांच्याकडे एकदा पाहिलं.

आठवड्यानं तोच त्यांना मोटारसायकलवर बसवून धंतोलीच्या दवाखान्यात मोतीबिंदू काढायला घेऊन गेला. आनंदरावांच्या पत्नी तुळसाबाई मागून ऑटोनं गेल्या. शेडचं काम आता कोणाकडे ठेवायचं ते प्राचार्य 'पुढं पाहू' म्हणालेत, ते अजून पुढंच आहे.

काळा चष्मा लावून आनंदराव परत आले तेव्हा आधी माझ्याजवळ थांबले. चष्मा वर करून त्यांनी सदरा पाहिला. "सर, तुमचा साबण वाया गेला," एवढंच म्हणाले, आणि शेडमध्ये गेले.

प्रीतमनं प्लग काढून ठेवला होता. "पाहा बरं, काकाजी. आता तं चांगलं दिसते."

आनंदरावांनी तो हातात घेतला, उजेडात फिरवला. रंग त्यांना दिसला होता, हे तोंडावरून कळत होतं.

"तू सांग आधी," ते म्हणाले.

"बदामी."

त्यांनी मान हलवली आणि चिठ्ठी लिहायला कागद प्रीतमकडे सरकवला. मग दोघांनी मिळून गेल्या दोन वर्षांचे प्लग डब्यातून काढले. त्यातले पाच पांढरे निघाले. प्रीतमनं प्रत्येकाला नवी चिठ्ठी बांधली. 'दोष चालवणाऱ्याचा' लिहिलेली ती जुनी चिठ्ठी तो फाडायला गेला तेव्हा मात्र आनंदरावांनी त्याचा हात धरला.

"राहू दे. ती मले लागन."