बारशालाच चालणारा नातू

आता तुम्ही हसणार, हे मला ठाऊक आहे. हसा! पण चहा संपेपर्यंत मध्ये बोलायचं नाही. ती गोष्ट आठवली की माझं डोकं अजून तापतं.

तर, लेक वर्षा पहिल्या बाळंतपणाला आमच्याकडे लातूरला आली. मुलगा झाला. बारशाच्या दिवशी मी त्याच्या बगलेत हात घालून त्याला उभा धरला, तळवे पाटाला टेकवले, आणि काय सांगू तुम्हाला, गडी चालायला लागला! एक पाय उचलला, टेकवला. मग दुसरा!

"अगं बघ, चालून राहिला की ह्यो!" मी असा ओरडलो की शेजारपाजारचे धावत आले.

बायको म्हणाली, "अवो, त्याची मान धरंना अजून. ठेवा खाली."

आमच्या घरात कौतुकाला किंमत आहे का? मी व्हिडिओ काढला, अख्ख्या भावकीला पाठवला. कंधारचे व्याही बारशाला आलेलेच होते. त्यांना म्हणालो, "बघितलं का पाव्हणे? लातूरचं पाणी हाय!"

ते नुसतं "हाव" म्हणाले. फार कमी बोलणारा माणूस. मला कमी बोलणाऱ्यांचा भयंकर राग येतो.

पुढे येईल त्या पाहुण्याला मी नातू चालवून दाखवायचो. मग त्याला सर्दी झाली आणि बायकोनं मला हातच लावू दिला नाही. सर्दी गेली, तिसरा महिना लागला, लेक बाळाला घेऊन कंधारला सासरी गेली.

मी फोन केला. "चालतो का गं?"

"न्हाई बाबा. पाय टेकवले तर नुसता लोंबकळतो."

संपलं! माझ्याकडे चालणारं पोर, त्यांच्याकडे गेलं आणि बसलं? खरं सांगतो, मला भीती वाटली. पोराचे पाय गेले की काय! आणि मला भीती वाटली की मी ओरडतो. तडक एसटी धरली. अहमदपूर येईपर्यंत त्यांच्या पाळण्यावर राग होता, त्यात निजवून निजवूनच पोर बसलं म्हणून. कंधार आलं तोवर सगळ्या गावावर!

चप्पल काढायच्या आधीच विचारलं, "काय केलं पोराला?"

विहीणबाई चकितच झाल्या. "काय करणार दादा? न्हाऊमाखू घातलं."

"तेल कोणतं?"

"खोबऱ्याचं."

"तरीच! आमच्याकडं तिळाचं होतं!"

"तेलानं पोरं चालतेत व्हय?"

"आमच्याकडं चालत होतं!"

वर्षाच्या डोळ्यांत पाणी आलं. "बाबा, हळू बोला. मला इथं नांदायचंय."

पण मी ऐकतोय थोडाच! "न्हाई नांदायचं! भर बॅग! पोर घेऊन चल लातूरला!"

जावई दारात उभा, त्याचा चेहरा पडलेला. विहीणबाईंनी पदर तोंडाला लावला. तेव्हा कुठे व्याह्यांनी तोंड उघडलं. "पाव्हणे, आधी पोराला दाखवू. मग लेक न्यायची का ते ठरवा."

सगळी वरात नांदेडला निघाली. तिथं लहान मुलांच्या फिजिओथेरपीच्या एक मॅडम आहेत. त्यांच्यासमोर मी कंधारवर फिर्यादच मांडली, पुरावा म्हणून व्हिडिओ दाखवला. मॅडम चक्क हसल्या!

"हसता काय? चालणारं पोर बसवलंय ह्यांनी!"

"आजोबा, हे चालणं नव्हतंच. तान्ह्या बाळाचे तळवे टेकले की पाय आपोआप उचलले जातात. त्याला रिफ्लेक्स म्हणतात. दोनेक महिन्यांत तो दिसेनासा होतो, बहुतेक सगळ्या बाळांचा. आता पोर पालथं पडेल, रांगेल, धरून उभं राहील, दहादा आपटेल. तेव्हा कुठं चालायला शिकेल. याचे पाय ठणठणीत आहेत."

"म्हणजे कंधारनं..."

"लातूरला राहिला असता तरी थांबलंच असतं."

भीती गेली, पण राग कुठे ठेवायचा? वर्षा माझ्याकडे बघेना. विहीणबाई पंख्याकडे बघत बसल्या. रागवायला कोणी शिल्लकच नव्हतं हो!

मॅडमनी बाळाचं डोकं हातावर धरून किंचित खाली सोडलं. त्यानं दचकून दोन्ही हात फेकले आणि भोकाड पसरलं. "हाही तसाच रिफ्लेक्स. दचकलं की हात फेकायचे आणि रडायचं. मोठ्या आवाजानंसुद्धा होतं. मेंदूचा ताबा बसला की जातं."

व्याही हळूच म्हणाले, "मॅडम, आमचे पाव्हणे बी असंच करतेत."

"कोण करतंय? मी?" दोन्ही हात वर फेकून मी गरजलो.

वर्षाच्या मांडीवर जेमतेम गप्प झालेला नातू दचकला. त्याचेही दोन्ही हात वर!

मॅडमनी एकदा त्याच्याकडे बघितलं, एकदा माझ्याकडे.

"याचं जाईल दोन-तीन महिन्यांत," त्या म्हणाल्या. "तुमचं काही सांगता येत नाही."