धुरातली कमान

भाचा दारात उभा राहिला तेव्हा मी अंगणात भुईमुगाच्या शेंगा फोडत बसले होते. बीडजवळच्या शिरूरकडून पहिल्या गाडीनं निघून वडवणीपर्यंत आलेला, नातवंडं असलेला बाप्या, पण लहान पोरासारखा उंबऱ्याशीच घुटमळत होता. पाण्याचा तांब्या दिला तर तो नुसता हातात धरून राहिला. "आक्का?" मी विचारलं. त्यानं मान खाली घातली. "पहाटं गेली, मावशी. जायाच्या आदी एवढंच बोलली. म्हनली, धुरातली कमान गयाची हाय, दुसऱ्या कुनी हात लावू नगा." गया म्हणजे मी. अशा वेळी माणसानं हंबरडा फोडावा, पण खरं सांगते, मला आधी रागच आला. म्हटलं, बघा हिचं, जाताना देवाचं नाव घ्यायचं सोडून कमानीचं घेतलं. रडू आलं ते गाडीत बसल्यावर... मग शिरूर येईपर्यंत थांबलं नाही.

कमान म्हटलं की आजच्या वाचकाला दारावरची कमान आठवेल, म्हणून सांगून टाकते. आमची कमान म्हणजे गुलेल. बेचक्याला रबर बांधून पोरं हिंडतात ती नव्हे. ही धनुष्यासारखी, वेळूची, पण बाण मारायची नाही. तिला शेजारी शेजारी दोन दोऱ्या आणि मधोमध सुतळीची विणलेली इवलीशी झोळी. झोळीत मातीची वाळवलेली गोळी धरायची, कानापर्यंत ओढायची आणि सोडायची. तेव्हा निजामाचं राज्य होतं. आबांना मुलगा नव्हता, आम्ही दोघी बहिणीच. शाळू दाण्यात आला की भोरड्या पाखरांचे थवेच्या थवे उतरायचे, दिवस मावळेपर्यंत राखण करावी लागायची आणि ती आमच्याकडे. शेतातल्या माळ्यावर मी गोफण घेऊन बोंबलायची, आक्का गुलेल घेऊन उभी. तिच्या गोळ्या ती चुलीतली राख कालवून करायची आणि नुसत्या उन्हात वाळवायची, भाजायची नाही. म्हणजे कणसावर आपटली की फुटते, धुरळा उडतो, पाखरू उठतं, मरत नाही. "चार दाणे खाल्ले म्हनून जीव कावून घ्यायचा त्याचा?" असं म्हणायची. आणि मी एक कणीस भाजायला जादा तोडलं की माझ्या पाठीत धपाटा. पाखरांना माफी होती, मला नव्हती.

गुलेल ती स्वतः करायची. आधी आबांचं बघून, मग आबांपेक्षा बरी. ओढ्याकाठी वेळूचं बेट होतं. माघातल्या अवसेला वेळू तोडायचा, म्हणजे किडा लागत नाही. तो चुलीवर, आढ्याला बांधून धुरात टांगायचा आणि वर्षभर विसरून जायचं. वर्षानं काढायचा, उभा चिरायचा आणि मग खरं काम. विळ्यानं तासायचा, निखाऱ्यावर तेल लावून शेकायचा, अंबाडीची दोरी चढवायची आणि ज्याची कमान त्याला ओढायला लावायची. ज्याची त्यालाच. तो ओढतो तेव्हा ती बाजूला उभी राहून एक डोळा मिटून बघायची. कमानीचा कुठला हात जास्त वाकतो, ओढणाऱ्याचा खांदा कुठं थरथरतो. मग म्हणायची, "जड हाय अजून." पुन्हा दोरी उतरवायची, पुन्हा दोन-चार छिलके काढायची. कमान माणसावर बेततात, माणूस कमानीवर नाही, हे तिचं म्हणणं. दिवस मावळला की दोरी उतरवायचीच. चढवलेली ठेवली की कमान रात्रीत थकते म्हणायची, जशी काही ती दिवसभर खुरपून आली आहे.

तिला बघायला आले तो दिवस काय सांगू! नवरामुलगा बीडच्या कचेरीत शिपाई, डोक्याला कडक फेटा, बोलणं निम्मं उर्दू. आबांना घरजावई हवा होता, मुलाला घरदार नव्हतं, असा मेळ. पोहे झाले, पान झालं. स्वारीला खुंटीवरची गुलेल दिसली. "माशाल्ला! ही कुणाची?" आई गडबडून म्हणाली, आमच्या ह्यांची. आक्का आतून म्हणाली, "माजी हाय." आईनं कपाळावर हात मारला. पाहुणे गुलेल घेऊन अंगणात गेले. आता गुलेलीची एक खोड असते. सोडताना डावं मनगट हळूच बाहेर वळवावं लागतं, नाहीतर गोळी आपल्याच अंगठ्यावर बसते. आक्का दारातून सांगायला गेली, "मनगट..." तोवर सुटलीच. "तौबा तौबा तौबा!" करत पाहुणे अंगणभर नाचले. आई पार खचली, स्थळ गेलं म्हणाली. पण तो माणूस अंगठा तोंडात घालून जो हसत सुटला, तो थांबेचना. आक्का मला रात्री म्हणाली, "गये, लई लागलं असंल त्याला, तरी हासला. बरा हाय." असं लग्न जमलं. दाजींचं ते काळं पडलेलं नख पुढं कित्येक दिवस आम्ही सगळ्यांना दाखवत होतो.

म्हणजे आक्का माहेरातच राहिली आणि जायची पाळी माझी आली. त्या माघात तिनं माझे दोन्ही हात पसरून माप घेतलं, थोडं वाढीचं धरलं, वेळू तोडला आणि धुरात टांगला. "फुडल्या साली तुजी तुला कमान." मला इतका आनंद झाला होता की मी रोज स्वयंपाकघरात जाऊन वर बघायची. पण वेळू वाळायच्या आत माझंच लग्न उभं राहिलं. वडवणीकडचं घर, मोठं खटलं. निघताना मी गाडीत बसून रडत होते ते आईसाठी नाही, आबांसाठी नाही, त्या वेळूसाठी. हसा खुशाल. आक्का बैलगाडीबरोबर वेशीपर्यंत चालत आली आणि म्हणाली, "येडे, पळून जातोय का त्यो? तू यीस्तोवर धुरात ऱ्हाईल."

दुसऱ्या दिवाळीला गेले तेव्हा तिनं तो उतरवला, चिरला, तासला. मी ओढली. "जड हाय अजून." थोडं तासलं, पण चार दिवसांत सासरचा गडी न्यायला हजर. राहिलेली कमान पुन्हा धुरात. नंतरच्या खेपेला मी पोटुशी, आईनं ओढूच दिली नाही. त्यानंतर सासू अंथरुणाला खिळली, येणंच झालं नाही. आलेच कधी तर दोन रात्री. प्रत्येक वेळी आक्का पाटावर उभी राहून कमान काढायची, काजळी पुसायची, दोरी चढवायची, मला ओढायला लावायची आणि एक डोळा मिटून तेच म्हणायची. दाजी ओसरीवरून ओरडायचे, "बस करा बेगमसाहेब, दात कोरायची काडी होईल तिची!"

माझं पहिलं पोर गेलं त्या वर्षीची गोष्ट मात्र मला सांगितलीच पाहिजे. मला माहेरी आणून टाकलं होतं. मी बोलत नव्हते, जेवत नव्हते. आयाबाया येऊन गळ्यात पडायच्या, त्यानं आणखीच जीव घुसमटायचा. एके सकाळी मला हाताला धरून आक्कानं शेतात नेलं आणि कमान हातात दिली. मी ओढायला गेले तर हातात जीवच नाही, दोरी छातीपर्यंतही येईना. तिनं काढून घेतली, बांधावर बसली आणि तासत राहिली. पुन्हा दिली. पुन्हा तासली. उन्हं उतरेपर्यंत आमचं तेच चाललं होतं. शेवटी एकदाची दोरी हनुवटीपर्यंत आली आणि मी मोठ्यानं रडायला लागले. आक्कानं माझं डोकं मांडीवर घेतलं. "जड हाय," ती म्हणाली. "जड हाय गं बाई... ठावं हाय मला." त्या दिवशी रात्री मी भाकरी खाल्ली.

आबा गेले, आई गेली, निजाम गेला, माझे मालक गेले, दाजी गेले. मुलांच्या पाटीवर मी अक्षरं गिरवायला शिकले. आक्का आणि मी म्हाताऱ्या झालो. मागच्या दिवाळीला गेले ती शेवटची भेट. कमान निघाली. तिची कंबर वाकलेली, तरी पाटावर चढली, कुणाला हात लावू देईना. मी ओढली, तर दोरी कानापर्यंत न्यायच्या आत तिनं बघितलं, म्हणाली तेच. मग विळा घेऊन बसली. बराच वेळ घासत होती, पण छिलका म्हणून पडेना. मी वाकून बघितलं, तर बाई विळ्याच्या पाठीनं घासतेय! मला भडभडून आलं. मनात म्हटलं, गेले हिचे डोळे, धार कुठली आणि पाठ कुठली कळत नाही. उगीच वरवर चिडले, "अगं, आता तरी पुरी कर की ही. मी मसनात गेल्यावर देनार हायेस का?" तर गालातल्या गालात हसली आणि कमान घेऊन पुन्हा पाटाकडे निघाली.

तेरावं झाल्यावर भाच्यानं ती उतरवून माझ्यापुढं ठेवली. काजळीनं काळी कुळकुळीत, टोकाला आक्कानंच वळलेली दोरी गुंडाळलेली. मी पदरानं पुसली. दोरी चढवायला भाच्यानं हात लावला, पण ओढली मीच. कानापर्यंत आली. जुन्या कापडासारख्या झालेल्या ह्या म्हाताऱ्या हातांनी, सहज कानापर्यंत आली. मग मी खिडकीशी जाऊन कमानीची आतली बाजू चाचपली. खाली जुन्या तासल्याच्या खुणा होत्या आणि वर सगळं गुळगुळीत, विळ्याच्या पाठीनं घासून घासून आलेली चकाकी. एका दिवाळीत येते होय अशी चकाकी? किती वर्षं ती पाठीनंच घासत होती कोण जाणे. कमान कधीच झाली होती. आक्काचे डोळे चांगले होते. पुरी झाली म्हणाली असती तर मी ती घेऊन गेले असते, आणि मग सासर, पोरंबाळं, शेतीवाडी ह्यातून दोन रात्रीसुद्धा काढायला मला निमित्त उरलं नसतं, हे तिनं माझ्याआधी ओळखलं होतं. माझी गं शहाणी... आणि मी तिला आंधळी समजले.

आक्काची सूनबाई चहा घेऊन आली. म्हणाली, "मावशी, पिशवीत मावंल का ही? का गोनपाटात बांधून दिऊ?" मी दोरी उतरवली. चुलीपाशी पाट ओढून घेतला. भाचा धावला, त्याला म्हटलं, नको, मला चढू दे.

"न्यायची न्हाई का?" सूनबाईनं विचारलं.

"जड हाय अजून," मी म्हणाले. "दिवाळीला येते."

सूनबाईनं चुलीत एक काटकी सारली, आणि धूर वर आला.