टिटवीपर्यंत पडलेली वाट

मला सकाळी फिरणाऱ्या माणसांचा राग येतो. मी स्वतः फिरते, तरी येतो. भंडाऱ्यात आमच्या घराजवळ तलावाला लागून एक बाग आहे. बाग म्हणजे चार बाकडी, एक घसरगुंडी आणि कडेकडेने सिमेंटचे गट्टू बसवलेला ट्रॅक. बाकी सगळं मोकळं, गवताचं आणि गोट्यांचं. ट्रॅक झाला तेव्हा मला बरंच वाटलं होतं. माणसं त्याच्यावरून फिरतील आणि उरलेली जागा सुखाने राहील, असं माझं भाबडं गणित.

पण आमच्या लोकांना आखून दिलेल्या वाटेने चालणं कुठलं जमायला! गट्टूंवर गुडघे दुखतात म्हणे. दवात अनवाणी चाललं की चष्मा उतरतो म्हणे. कोणाचा उतरलेला मी तरी पाहिला नाही, गवत मात्र मेलं. जिथे पावसाळ्यात बाया तरोट्याची भाजी खुडायला यायच्या, तिथली माती तुडवून तुडवून इतकी घट्ट झाली की तरोटासुद्धा उगवेना. उकिरड्यावरही उगवणारी भाजी ती, पण या लोकांच्या पायांपुढे तिनेही हात टेकले.

या टोळीत आमचे हेही आहेत. सगळे नोकरीतून निवृत्त. सगळ्यांची गावाकडे धानाची शेती, कोणाची कोंढ्याला, कोणाची दिघोरीला, आणि सगळ्यांनी ती ठेक्याने दिलेली. धानाच्या बांधीतल्या चिखलात पाय घालायचा नाही, पण पावसावर बोलायला लागले की तोंडाला खळ नाही.

मे महिन्यात तलावाकडच्या उंचवट्यावर टिटवीने अंडी घातली. टिटवी घरटं बांधत नाही. उघड्या जमिनीवर गोट्यांमध्ये गोट्यांसारखीच दिसणारी अंडी ठेवते. ती कोणाला दिसत नाहीत, एवढाच तिला आधार. ह्यांना दिसली, कारण ती डोक्यावर ओरडत घिरट्या घालायला लागली आणि ह्यांनी बरोबर ओळखलं. ओळखून गप्प बसले असते तर ते आमचे हे कसले!

आमच्याकडे टिटवीच्या अंड्यांवरून पाऊस सांगतात. जितकी अंडी तितके महिने पाऊस, आणि उंचावर घातली तर तलाव भरणार. ह्यांनी तिथूनच आमची शेती ठेक्याने करणाऱ्याला फोन लावला. "चार हायत, चार! अन् उंचावर हायत. यंदा पाणी जोरदार हाय, धानाचे पऱ्हे लवकर टाक," असं सगळ्या बागेला ऐकू जाईल इतक्या मोठ्याने सांगितलं. दुसऱ्या दिवशी अख्खी टोळी अंडी पाहायला गेली. मग कोणी साडूला घेऊन आला, कोणी व्याह्याला. टोकं खाली असली तर पाऊस जास्त म्हणे, म्हणून अंड्यांची टोकं खाली आहेत की आडवी, यावर रोज नवा वाद, आणि वाद मिटवायला रोज पुन्हा जाऊन पाहणं आलंच.

"अंडे काय रोज सरकतेत का? कायले जाता तुमी तिथं?" मी घरी विचारलं.

"आमी हात थोडीच लावतो? दुरूनच तं पाह्यतो."

हे खरं होतं, आणि म्हणूनच माझं डोकं जास्त फिरायचं. हात एकानेही लावला नाही. पण एकाच्या पावलावर दुसऱ्याचं पाऊल पडत गेलं, आणि आठवड्याभरात ट्रॅकपासून थेट अंड्यांपर्यंत स्वच्छ वाट पडली. बागेत नवखा आलेला माणूसही डोळे मिटून तिथे पोचला असता.

मी एका संध्याकाळी बाभळीच्या काट्या आणून त्या वाटेवर आडव्या टाकल्या. सकाळी टोळीने काय करावं? निम्म्यांनी काट्यांना डावीकडून वळसा घातला, निम्म्यांनी उजवीकडून. एका वाटेच्या दोन झाल्या. कोण्या मूर्खाने काट्या टाकल्या म्हणून चर्चा चालली होती, तेव्हा मी सगळ्यांसमोर सांगितलं की मी टाकल्या.

मग एक दिवस अंडी नव्हती. गोट्यांवर टरफलाचे तुकडे आणि वाळलेलं पिवळं होतं, आणि वाटेच्या धुळीत कुत्र्याचे पंजे येताना-जाताना उमटले होते. आजूबाजूच्या गवतात एकही पंजा नव्हता. "कुत्र्यानं खाल्ले," टोळीने निकाल दिला आणि ट्रॅकवर निघून गेली. मी मागून ओरडले, "त्याले रस्ता कोनं दाखवला?" मला रडू येत होतं आणि शिव्याही येत होत्या. शिव्या दिल्या.

पाऊस चांगला झाला. अंदाज खरा ठरला म्हणून टोळीत पेढे वाटले गेले. ह्यांनी माझ्यासाठी एक आणला होता, तो मी खाल्ला नाही. त्या दोन्ही वाटांवर गवत काही परत आलं नाही. पाणी तिथूनच धावायचं आणि माती घेऊन तलावात जायचं. पायाला चिखल लागतो अशी टोळीने नगरसेवकाकडे तक्रार केली. दिवाळीच्या सुमारास तिथे मुरूम पडला.

आमचे हे मला तो कौतुकाने दाखवायला घेऊन गेले. मुरूम उंचवट्यावर, अगदी गोट्यांवरून पसरला होता, वर रोलर फिरवून सपाट केलेला. आम्ही तिथे पोचलो तशी टिटवी कुठूनशी उठली आणि डोक्यावर येऊन ओरडायला लागली. ह्यांनी टोपी काढून तिच्यावर हलवली.

"आता काहून ओरडून राहिली हे?" ते म्हणाले. "आता तं अंडेबी नाहीत."

मी तिथूनच वळले आणि एकटी घरी आले. ते मागून हाका मारत होते.