बंदुकीतला तांदूळ

बाईच्या हातात बंदूक दिसली की लोकांना दोनच गोष्टी सुचतात. एक तर ती कुणाला तरी मारायला निघालीय, नाहीतर फोटो काढून घेतेय. मी बंदूक पहिल्यांदा हातात घेतली ती पुसायला. झाडणं, पुसणं, घासणं ही बायकांचीच कामं असं आमच्या घरात सगळ्यांचं ठाम मत होतं. मग बंदूक पुसली तर काय आभाळ कोसळलं, असं मी तेव्हाही विचारत होते आणि अजूनही विचारते.

आबा, म्हणजे माझे वडील, फौजेतून हवालदार म्हणून निवृत्त झाले आणि कोल्हापुरातल्या एका पतसंस्थेच्या दारात गनमन म्हणून उभे राहिले. रोज सकाळी कागलहून एसटीनं जायचे. गनमनची बंदूक त्याची स्वतःची असते, लायसनही त्याचंच. आधी त्यांच्याकडे जुनी दुनळी होती. नव्वद साल मागं पडलं तसा संचालकांना नव्या हत्याराचा सोस लागला, आणि आबांनी पंपाची बंदूक घेतली. बारा बोअर, एक नळी, लाकडी दस्ता. नळीखालची लाकडी मूठ, म्हणजे पंप, मागं ओढून पुढं ढकलला की खटाक असा आवाज येतो आणि काडतूस जागेवर बसतं. आबा म्हणायचे, त्या आवाजानंच निम्मं काम होतं, उडवायची वेळ येत नाही. त्यांच्यावर ती कधीच आली नाही.

माझ्या लग्नाला दोन वर्षं झाली आणि नवरा अपघातात गेला. सव्विसाव्या वर्षी मी कपड्यांची एक पेटी घेऊन कागलला परत आले. आईनं पेटी उचलून आत ठेवली. आत्तीनं मात्र दुसऱ्याच दिवशी मला बाजूला घेतलं. आत्ती आबांची थोरली बहीण. ती विसाव्या वर्षी विधवा होऊन याच घरात आली होती आणि विधवेनं काय काय करायचं नाही याची यादी तिला तोंडपाठ होती. हळदीकुंकवाला पुढं यायचं नाही, ओटी भरायची नाही, पूजेच्या ताटाला हात लावायचा नाही. ती हे दुष्टपणानं सांगत नव्हती. स्वयंपाकघराच्या दारातली, ती चाळीस वर्षं उभी राहिली त्या जागेच्या शेजारची जागा ती मला दाखवत होती. मला तो उंबरा बघूनच संताप यायचा.

दर रविवारी जेवणं झाली की आबा सोप्यात जुनी चादर अंथरून बंदूक खोलायचे. फौजेत याला ‘खोलना-जोडना’ म्हणतात: हत्यार सुटं करायचं, साफ करायचं, पुन्हा जोडायचं. मी आले त्या पावसाळ्यात आबांना बारीक ताप आला आणि तो उतरल्यावर उजवा हात कापायला लागला. त्यांनी डॉक्टरांनाही सांगितलं नाही. एका रविवारी मी सोप्यात शेंगा फोडत बसले होते. त्यांना पिन भोकात बसवता येत नव्हती. म्हणाले, "पिन झिजलीया." पुढच्या रविवारी म्हणाले, "भोक झिजलंय." तिसऱ्या रविवारी त्यांनी पिन माझ्यापुढं धरली. मी शेंगांचं सूप बाजूला सारलं.

तिथून माझी शिकवणी सुरू झाली. काडतुसं आतल्या खोलीत, कुलपात. बंदुकीचं तोंड कोऱ्या भिंतीकडं. बोट चापापासून लांब. आबांनी पंप मागं ओढला, आत डोकावले, बोट घालून चाचपलं आणि बंदूक माझ्याकडं दिली.

"मोकळी हाय का?"

"तुम्ही आत्ताच बघितलं की."

"मी बघितलं ते माझ्यासाठी. तू तुझ्यासाठी बघ. मोकळी हाय म्हणून कुणी सांगितलं तर इस्वास ठेवायचा न्हाय. बापानं सांगितलं तरीबी."

मग नळीच्या टोकाची टोपी फिरवून काढायची, नळी पुढं ओढून घ्यायची, दोन पिना ठोकून चापाचा सांगाडा खाली उतरवायचा. निघेल तशी वस्तू चादरीवर डावीकडून उजवीकडं मांडायची आणि जोडताना उजवीकडून उलटं यायचं. नळीतून आधी ब्रश, मग चिंधी, चिंधी पांढरी निघेपर्यंत. तेलावरून मी पहिल्याच दिवशी शिव्या खाल्ल्या. "फोडणी टाकतीयास व्हय? बोट वलं झालं की बास." नळी खिडकीकडं धरून आत बघितलं की टोकाला आभाळाचा गोल तुकडा लख्ख दिसायचा. पहिल्यांदा जोडली तेव्हा चादरीवर एक पिन उरली. मी ती हळूच पायाखाली घेतली. आबांनी पाय उचलायला लावला आणि पुन्हा सगळं पहिल्यापासून.

दोन-तीन महिन्यांत माझा हात बसला. घरात कुणाचं तरी माझ्यावाचून अडत होतं. नवरा गेल्यापासून पहिल्यांदा मला आनंद झाला तो त्या चादरीवर, आणि त्याची मला अजिबात लाज वाटली नाही. आत्ती आतून ओरडायची, "बापानं पोरीला बाप्या केलाय!" आबा म्हणायचे, "बाप्या न्हाय, वस्ताद केलीया."

बाहेर कुणाला याचा पत्ता नव्हता. पतसंस्थेत आबा उजवा हात पट्ट्यात खुपसून उभे राहायचे. हात कापतो हे कळलं असतं तर त्याच दिवशी घरी पाठवलं असतं, आणि घरी बसलेल्या आबांची कल्पनाही मला करवत नव्हती. ते निवृत्त झाल्यावर चार दिवस घरी होते. चारही दिवस त्यांनी फाटकाचा कोयंडा दुरुस्त केला होता.

मग खंडेनवमी आली. त्या दिवशी घरातली हत्यारं पूजतात. आमच्याकडे विळा, कुऱ्हाड, खुरपी आणि मधोमध पाटावर बंदूक. आदल्या दिवशी मीच ती खोलून, पुसून ठेवली होती. पण पूजेच्या वेळी आत्तीनं मला उंबऱ्याच्या आत उभं केलं. आईनं हळद वाहिली, कुंकू वाहिलं आणि सढळ हातानं अक्षता टाकल्या. बंदूक कुशीवर ठेवलेली, काडतूस बाहेर पडायची खिडकी वर. मी दारातून म्हटलं, "आई, आत जातंय सगळं." आत्तीनं मला डोळ्यांनीच गप्प केलं.

दरवर्षी आबा पूजा झाली की गुपचूप आत जाऊन बंदूक पुसायचे. त्या वर्षी हात चालत नव्हता. आणि मी पुढं झाले तर आत्ती आडवी आली. "पूजलेलं पुसायचं न्हाय. त्यातनं तू तर शिवायचंच न्हाय." मी भांडले. मोठ्यानं भांडले, गल्लीला ऐकू जाईल इतकं. शेवटी आबाच म्हणाले, "ऱ्हाऊ दे पोरी, सणाचं." त्यांच्यासाठी मी गप्प बसले. ती माझी चूक.

दसरा झाला आणि पतसंस्थेतून निरोप आला. नवे सुरक्षा अधिकारी आले होते, सैन्यातून निवृत्त झालेले, आणि ते सगळ्या गनमनची तपासणी घेणार होते. आबा दोन दिवस डाव्या हातानं नळी काढायचा सराव करत होते, नुसत्या काठीवर. बंदूक पुजलेली, म्हणून खोळीत होती ती तशीच. तपासणीच्या दिवशी मी त्यांच्याबरोबर एसटीत बसले. "डबा घेऊन येते," म्हटलं. डबा त्यांना रोज स्वतः नेता येत होता, पण त्यांनी तो माझ्याच हातात ठेवला.

वरच्या मजल्यावर टेबल मांडलं होतं. आधीच्या दोघांचं झालं. आबांनी बंदूक भिंतीकडं धरली आणि पंप ओढला. तो निम्म्यात अडकला. पुन्हा ओढला. हलेना. जोर लावला तसा उजवा हात लटलटायला लागला आणि सगळ्यांनी तो बघितला. एक क्लार्क हसत म्हणाला, "हवालदार, बंदूकबी रिटायर झाली की!"

अधिकाऱ्यांनी विचारलं, "शेवटची साफ कधी केली?"

"दसऱ्याच्या आधी."

"कुणी?"

मी दारात डबा घेऊन उभी होते. आबा ‘मी केली’ एवढं म्हणाले असते तर निदान तेव्हापुरतं निभावलं असतं. हलगर्जीबद्दल बोलणी बसली असती, हाताचं पुढं बघता आलं असतं. आबांनी माझ्याकडं बघितलं आणि टाचा जुळवल्या.

"माझ्या लेकीनं, सायेब. तीन-चार म्हैनं झालं, तीच करतीया. माझा हात चालत न्हाय." मग म्हणाले, "पर ह्यो अडकाव तिचा न्हाय. तिचं काम चोख अस्तंय. तिला खोलू द्या."

माझ्या कामाला बोल लागू नये म्हणून त्या माणसानं स्वतःची नोकरी टेबलावर ठेवली होती. मला रडू आलं असतं, पण त्या क्लार्कसमोर मी मेले तरी रडले नसते. डबा खुर्चीवर ठेवला, पदर खोचला आणि टेबलाशी गेले. बंदुकीचं तोंड भिंतीकडं केलं. निम्म्या उघड्या खिडकीतून बघितलं, बोट घालून चाचपलं.

"ते तपासलंय त्यांनी," अधिकारी म्हणाले.

"त्यांनी त्यांच्यासाठी तपासलं," मी म्हटलं. अधिकाऱ्यांनी मान वर करून पहिल्यांदा माझ्याकडं नीट बघितलं.

टोपी, नळी, पिना, सांगाडा. डावीकडून उजवीकडं. आत हळद, कुंकू आणि तेलाचा लाल चिखल झाला होता. पंपाची पट्टी ज्या खाचेतून सरकते तिथं काहीतरी घट्ट बसलं होतं. पदराची सेफ्टी पिन काढून मी ते उकरलं आणि टेबलावर ठेवलं. कुंकवानं लाल झालेला एक अख्खा तांदूळ. कुणी हसलं नाही. क्लार्कही नाही, त्याच्याही घरी खंडेनवमी झालीच असणार. मी सगळं पुसलं, जोडलं, पंप ओढला. खटाक.

"काम उत्तम आहे," अधिकारी म्हणाले. "पण नोकरी यांची आहे, तुमची नाही. मी यांना दारात उभं करू शकत नाही."

"मग माझी करा की नोकरी."

आता मात्र सगळे हसले. अधिकारी तेवढे हसले नाहीत. त्यांनी विचारलं, "लायसन आहे?"

लायसन नव्हतं. त्यांचं म्हणणं चुकीचं नव्हतं हे मला तेव्हाही कळत होतं, आणि तरी त्यांचा जो राग आला तो अजून गेलेला नाही.

परतीच्या एसटीत आबा खिडकीशी बसले, बंदूक दोन गुडघ्यांत धरून. मला वाटलं, आता हे खचले. कागलच्या अलीकडं ते म्हणाले, "उद्या कचेरीत जाऊ. अर्ज कसा अस्तोय बघू तरी."

अर्ज दोन वर्षं फिरला. प्रत्येक टेबलावर तोच प्रश्न, बाईला बंदूक कशाला? मी विचारायचे, बाप्याला कशाला लागते? एका साहेबांनी सल्ला दिला, त्यापेक्षा शिलाई मशीन घ्या. मी म्हटलं, तेपण येतं मला, तुमच्या शर्टाचं बटण तुटलंय. मधल्या निवडणुकीला बंदूक ठाण्यात जमा झाली आणि धूळ खाऊन परत आली. आबांनी मला चार तास बसवून ती साफ करून घेतली. हातानं नाही तरी तोंडानं त्यांची नोकरी चालूच होती.

माझ्या चालचलणुकीची चौकशी करायला पोलीस घरी आला तेव्हा मी रेशनच्या रांगेत होते. आई घाबरून आतच बसली. दारात आत्ती गेली. तिनं काय सांगितलं ते मला शेजारणीनं सांगितलं: "आमची पोरगी बंदूक मोकळी हाय का बघितल्याबिगार कपाट सुदीक उघडत न्हाय. लिवून घ्या." मी आत्तीला विचारलं तर म्हणाली, "मी कुटं काय बोलले?"

लायसन मिळालं. आबांची बंदूक माझ्या नावावर झाली आणि कोल्हापुरातल्या एका महिला पतसंस्थेच्या दारात मी उभी राहिले. पहिले काही दिवस येणारे-जाणारे थबकून बघायचे. मीही त्यांच्याकडं बघायचे. आधी ते नजर वळवायचे.

त्या वर्षीची खंडेनवमी आली. पाटावर विळा, कुऱ्हाड, मधोमध बंदूक. आई ताट घेऊन बसायला लागली तसे आबा म्हणाले, "थांब. जिचं हत्यार, तिनं पुजायचं." आईनं ताट माझ्याकडं दिलं. मी बसले आणि सवयीनं दाराकडं बघितलं. उंबऱ्याच्या आत, तिच्या जागेवर, आत्ती एकटीच उभी होती.

"आत्ती, ये."

"मी? गप बस की गं."

"ये म्हणते ना."

ती आली. पदराला तीनदा हात पुसले. मी तिचं बोट कुंकवात बुडवलं आणि दस्त्यावर जागा दाखवली. "हितं. लाकडावर. लोखंडाला न्हाय." टिळा वाकडा लागला. मग तिनं ताटातल्या अक्षतांची चिमूट उचलली.

मी तिचं मनगट धरलं. "आत्ती," म्हटलं, "तांदूळ तेवढा नको."