पॅरिसहून एका दिवसात

सिंगापूरच्या बुकित तिमाह भागातल्या आमच्या काँडोत शेजारी एक काका राहतात. काकू अंथरुणाला खिळलेल्या, म्हणून ते कुठेच जात नाहीत. दुसऱ्यांच्या सहली मात्र मन लावून आखतात. आम्ही पॅरिसला निघालो, तेव्हा एका दिवसात जाऊन येण्याजोगी शार्त्रसारखी तीन गावं त्यांनी गाड्यांच्या वेळांसकट लिहून दिली. “शेवटच्या गाडीवर विसंबू नका हं,” असं तीनदा बजावलं.

आम्ही पॅरिस सोडलंच नाही. खरेदीतच दिवस गेले.

परतल्यावर काकांनी दारातच गाठलं. “शार्त्रच्या चर्चमधल्या निळ्या काचा पाहिल्यात ना?”

“हो काका, अप्रतिम!”

“मग आत ये, हिला नीट सांग.”

मी काकूंच्या उशाशी बसून सांगत राहिले. त्या डोळे मिटून ऐकत होत्या, ते बरं झालं. त्यांच्या नजरेला नजर देणं मला जमलं नसतं.