पाठ केलेला कल

महामाया सोनसळे यांच्यासमोर मूल येऊन बसलं की त्या आधी त्याच्या आईबापांना बाहेर जायला सांगत. बापांना ते आवडत नसे. एक-दोघांनी दाराशीच उभं राहून ऐकायचा प्रयत्न केला, तेव्हा बाईंनी उठून दार लावून घेतलं. मग त्या मुलाला विचारत, रविवारी सकाळी तू काय करतोस?

नांदेडच्या एका अनुदानित शाळेत त्या विज्ञान शिकवायच्या. व्यवसाय मार्गदर्शनाचं काम त्यांच्याकडे आलं ते दुसऱ्या कुणालाच नको होतं म्हणून. प्रशिक्षणाला कुणाला तरी पाठवायचं होतं, मुख्याध्यापकांनी त्यांचं नाव लिहून टाकलं. त्या गेल्या आणि त्या कामानं त्यांना जे धरलं ते सोडलं नाही. त्यालाही कारण होतं. त्यांचे वडील साहेबराव हदगाव तालुक्यातले. शिक्षणाशिवाय आपल्याला दुसरा आधार नाही, हे त्यांनी पक्कं धरलं होतं. थोरली मास्तरीण आणि धाकटी नर्स, असं त्यांनी दोघी प्राथमिक शाळेत असतानाच ठरवून टाकलं. थोरलीचं जमलं. धाकटी मनिषा माहूरकडच्या एका दवाखान्यात नोकरीभर मन मारून कामाला गेली आणि निवृत्तीच्या दिवशी पांढरे बूट दवाखान्यातच ठेवून आली. वडिलांना कुणी दोष दिला नाही. पण मुलांना आधी विचारायला हवं, एवढं महामायाबाईंच्या मनात बसलं.

रविवारच्या प्रश्नातून त्यांना बरंच कळायचं. शिवम नावाचा एक मुलगा रविवारी मांडववाल्याकडे बांबू बांधायला जायचा, पैशासाठी नव्हे, हौसेनं. त्याला त्यांनी सिव्हिलच्या आराखड्यांचं काम शिकायला पाठवलं. त्याचा बाप सहा महिने बोलला नाही, नंतर बोलू लागला. सगळेच अंदाज बरोबर आले असं नाही. पण विचारलं गेलं होतं.

निवृत्तीनंतर लातूरहून व्यंकट सरांचा फोन आला. बार्शी रोडवरच्या त्यांच्या क्लासला समुपदेशक हवी होती. बाई तिथं गेल्या आणि पहिल्याच आठवड्यात त्यांचा जुना प्रश्न निकामी झाला. रविवारी सकाळी काय करतोस, असं विचारलं की प्रत्येक मूल एकच उत्तर द्यायचं: मॅडम, रविवारी टेस्ट असते.

मुलंही एवढी की एकेकाशी बोलायला वेळ पुरेना. मग त्यांनी स्वतः एक कल चाचणी बसवली. साधे प्रश्न, उत्तर 'हो' किंवा 'नाही'. रक्त बघून भीती वाटते का. अनोळखी माणसाशी बोलायला आवडतं का. यंत्र उघडून बघावंसं वाटतं का. बाजारात भाव करायला मजा येते का. उत्तरांवरून मुलाचा ओढा कुठे आहे ते निघायचं. चाचणीवर त्यांनी मेहनत घेतली होती आणि तिचा त्यांना अभिमान होता. एकदा एका मुलानं हात वर करून, यात निगेटिव्ह मार्किंग आहे का, असं विचारलं. बाई मनापासून हसल्या आणि नांदेडला गेल्यावर घरी सगळ्यांना हा किस्सा सांगितला.

व्यंकट सर या चाचणीवरून बॅचेस लावू लागले. ज्यांचा कल वैद्यकीय त्यांची पहिली बॅच, चांगले मास्तर, सकाळची वेळ. बाकीचे दुसरीत. बाईंना हे माहीत होतं. ज्याला ज्याची ओढ त्याला ते जास्त मिळावं, यात त्यांना तेव्हा काही वावगं दिसलं नाही.

तनुजा केंद्रे त्यांच्यासमोर आली ती दुसऱ्यांदा नीटचा निकाल लागल्यानंतर. कंधार तालुक्यातली पोरगी. तिच्यासाठी आई सिंधु गाव सोडून लातुरात एका खोलीत राहायला आली होती. पोरगी शिकायची आणि आई भाकरी करायची. त्या गल्लीतल्या बहुतेक खोल्यांमधून अशाच आया राहत. वडील बजरंगराव गावी शेती बघत आणि रविवारी धान्याचं पोतं घेऊन येत. दोन्ही वेळचे गुण जवळजवळ सारखे होते, म्हणजे कुठल्याच सरकारी कॉलेजला न पुरणारे. तिसऱ्यांदा बसवायचं की दुसरीकडे घालायचं, एवढं एकच विचारायला तिघं आली होती.

बजरंगराव सरळ माणूस होते. डॉक्टरच झाली पाहिजे असा त्यांचा हट्ट नव्हता, हे मुद्दाम लिहिलं पाहिजे. ते म्हणाले, "मॅडम, मला यातलं कळत न्हाई. तुमचं शास्त्र हाय. तुम्ही म्हनाल तसं."

सिंधुताईंनी बोलता बोलता सांगितलं की तनुजा लहानपणी बापामागं मोंढ्यात, धान्याच्या बाजारात जायची. सौदे चालत तिथं तासन् तास उभी राहायची, आडत्याला उलट बोलायची, घरी आल्यावर कुणाचा माल कसा गेला ते आज्याला सांगायची. दहावीपर्यंत एकही बाजार चुकवला नाही. तनुजा तेव्हा पहिल्यांदा मान वर करून हसली होती, हे बाईंना नंतर आठवलं.

पण समोर चाचणीचा निकाल होता. वैद्यकीय सगळ्यात वर, आणि व्यापाराकडे ओढा अजिबात नाही. थोडाही नाही. मोंढ्यात उभं राहून मोठी झालेली पोरगी भाव करायला आवडत नाही म्हणते, याचा बाईंना क्षणभर अचंबा वाटला. लहानपणच्या आवडी सुटतात, असं त्यांनी स्वतःलाच समजावलं. बाहेर आणखी पालक बसले होते. त्या दिवशी त्यांनी आईबापांना बाहेर पाठवलं नाही.

"कल स्पष्ट आहे," त्या म्हणाल्या. "एक वर्ष आणखी द्या तिला."

बजरंगरावांनी हात जोडले.

बाई दुपारचं जेवण कमलम्मांच्या खानावळीत घेत. कमलम्मा देगलूरकडच्या, बोलता बोलता मधेच तेलुगूत शिरणाऱ्या. दिवाळीनंतर चाचणी घेऊन बॅचेस पुन्हा लागतात, त्याच्या आदल्या दिवशी बाई तिथं कोपऱ्यात बसल्या होत्या. पाठीमागच्या बाकावर अकरावीतली दोन मुलं ताटं पुढ्यात घेऊन एकमेकांची उजळणी घेत होती. बाईंना वाटलं जीवशास्त्र असेल. मग त्यांना स्वतःचाच प्रश्न ऐकू आला.

"बाजारात भाव करायला मजा येते का?"

"नाही."

"यंत्र उघडून बघावंसं वाटतं का?"

"हो."

"हो न्हाई रे बावळटा, नाही! हो लिहिलंस की गेलास दुसऱ्या बॅचला."

बाईंचा घास हातातच राहिला. आमटी वाढायला आलेल्या कमलम्मांना त्यांनी हळू आवाजात विचारलं, हे काय चाललंय. कमलम्मांना प्रश्नच कळला नाही. मग म्हणाल्या, "ते होय? पहिल्यापासूनच पाठ करून राहिलेत की पोरं. मोठे सांगतात, लहाने पाठ करतात. तुम्हीच पेपर काढता, अन् तुम्हाला ठाऊक न्हाई?"

ठाऊक नव्हतं. एकाही मुलाला ही लबाडी वाटत नव्हती, हे त्यातलं विशेष. ज्या गावात प्रत्येक प्रश्नाला चारांतलं एक उत्तर बरोबर असतं आणि ते संध्याकाळपर्यंत भिंतीवर लागतं, तिथं तुला काय आवडतं या प्रश्नालाही बरोबर उत्तर असणारच, असं मुलांनी धरलं होतं. ते त्यांनी शोधून काढलं आणि पाठ केलं.

बाई तशाच व्यंकट सरांकडे गेल्या. सरांना सगळं माहीत होतं. ते चिडले नाहीत, शरमलेही नाहीत. ज्याला पहिल्या बॅचमध्ये यायचंय तो पाठ करतो, ज्याला यायचं नाही तो करत नाही, म्हणजे कल कळलाच की, असं त्यांचं म्हणणं. फार वाटत असेल तर पुढच्या वर्षी प्रश्न बदला, म्हणाले. बाई बाहेर पडल्या. इतक्या मुलांना काय काय सांगितलं ते आठवत त्या जिन्यात उभ्या राहिल्या, आणि सगळ्यांत आधी त्यांच्या डोळ्यांसमोर तनुजा आली.

संध्याकाळी त्या खोलीवर गेल्या. सिंधुताई भाकरी थापत होत्या. बाईंनी तनुजाला विचारलं, उत्तरं पाठ केली होतीस का. तिनं सहज मान हलवली. सगळेच करतात मॅडम, म्हणाली. मग भाव करायला आवडतं की नाही, असं बाईंनी विचारल्यावर ती पुस्तकाची पानं चाळू लागली. तव्यावरची भाकरी करपली तरी सिंधुताईंचं लक्ष गेलं नाही.

रविवारी बजरंगराव आले, तेव्हा बाई पुन्हा गेल्या. आपण सांगितलं ते चुकीच्या आधारावर सांगितलं, अजून फार उशीर झालेला नाही, मुलीला वाणिज्य किंवा शेतमालाच्या व्यापाराचं शिक्षण द्यावं, असं त्यांनी नीट मांडलं. बजरंगरावांनी मधे न बोलता सगळं ऐकून घेतलं. गावात सगळ्यांना सांगून झालंय, ते म्हणाले. आईचं लातुरातलं चौथं वर्ष चाललंय. आणि मग त्यांनी विचारलं:

"तवा पोरीनं तुम्हाला खोटं सांगितलं म्हनता. मग आत्ता खरं सांगून राहिली कशावरून?"

"मला नका विचारू," बाई म्हणाल्या. "तिला विचारा."

बजरंगरावांनी खरंच विचारलं. आवाज चढवला नाही, डोळे वटारले नाहीत. पोरीकडे वळून बसले आणि म्हणाले, "तनू, बोल. तुला काय करायचं? तू म्हनशील ते करू."

खोली लहान होती. आई चुलीपाशी, बाप दाराशी, मॅडम खुर्चीवर. भिंतीवर अवयवांच्या आकृत्या चिकटवलेल्या. तनुजानं आईकडे पाहिलं, मग बाईंकडे पाहिलं. या वेळेस बाईंनी त्या दोघांना बाहेर जायला सांगायला हवं होतं. पण खोली त्यांची होती आणि बाहेर फक्त जिना होता.

"डॉक्टर व्हायचंय," तनुजा म्हणाली.

तिनं हे चटकन म्हटलं, जसं परीक्षेत येणारं उत्तर म्हणतात तसं. बजरंगरावांचा चेहरा सैल झाला. त्यांनी बाईंना चहा घेतल्याशिवाय जाऊ दिलं नाही.

खाली सोडायला तनुजा आली. बाईंनी तिला पुन्हा विचारलं नाही, पण तीच बोलली. "आई तिथून इथं येऊन राहिली ना मॅडम. आज्याचं दुखणंसुद्धा तिला बघता आलं न्हाई. आता मी मोंढा आवडतो म्हनू का?" मग म्हणाली, "अन् खरं सांगू? आता आवडतो का न्हाई, ते पन नीट कळत न्हाई."

महामायाबाईंनी वर्षअखेर लातूर सोडलं. प्रश्न बदलून दिले नाहीत. बदलले असते तरी महिन्याभरात त्यांचीही उत्तरं निघाली असती. मधल्या काळात त्यांनी आणखी काही पालकांना गाठून खरं सांगायचा प्रयत्न केला. एकानं ऐकलं. बाकीच्यांना वाटलं, बाईंचं आणि सरांचं बिनसलं असेल.

तिसऱ्या निकालाच्या दुसऱ्या दिवशी नांदेडला बाईंचा फोन वाजला. बजरंगराव होते. तनुजाचे गुण आधीपेक्षा कमी आले होते. रडली नाही, जेवली, झोपली, असं त्यांनी सांगितलं. मग विचारलं, "चौथ्यांदा बसवावं का, मॅडम?"

बाई म्हणाल्या, नको. तिला घरी न्या. काही महिने काहीच विचारू नका, तुमच्याबरोबर फिरू द्या, मग बघू. त्या बराच वेळ बोलत राहिल्या. पलीकडून हाव, हाव, असं येत होतं.

"तुम्ही आता तिथं नसता ना?" शेवटी बजरंगरावांनी विचारलं.

"नाही."

"दुसऱ्या मॅडम आल्यात म्हने. त्यांच्याकडून एकदा चाचनी करून घेतो," ते म्हणाले, आणि बाईंच्या तब्येतीची चौकशी करून त्यांनी फोन ठेवला.