बकरीचं पान

पाहुण्याबाईंनी पुस्तकाचं पान उलटलं. एवढंच केलं त्यांनी. मुलगी वाचत राहिली.

"ताराच्या घरी बकरी आहे. बकरी पाला खाते. पाला हिरवा आहे."

समोरच्या पानावर बकरी नव्हती. फुगेवाला होता. मुलगी फुगेवाल्याच्या ओळींखालून बोट सरकवत होती आणि तोंडाने बकरीला पाला घालत होती.

आधी कंपनीचे साहेब हसले. "अरे, ही तर टेप लावलीय!"

मग सगळेच हसले. मुलीला वाटलं, आपलं छान झालं. तीही हसली. पुढचं आणखी मोठ्याने म्हणाली. "बकरी तारामागे पळते!"

ती रेश्मा. कळव्यातल्या एका पालिकेच्या शाळेत पहिलीत होती. मी तिची वाचनताई. पहिली-दुसरीतल्या ज्या पोरांना अक्षर लागत नाही, त्यांना तिघातिघांच्या गटाने शेजारी घेऊन बसायचं, रोज अर्धा तास. हे माझं आणि आणखी दोघी तायांचं काम. मानधन एक संस्था द्यायची. संस्थेला पैसे कंपनी द्यायची. वर्ष संपताना कंपनीची माणसं बघायला यायची. खूश झाली तर पुढचं वर्ष.

संस्थेच्या मॅडमनी आधीच सांगितलेलं, "एक पोरगी तयार ठेव गं. गोड दिसणारी. घडाघडा वाचली पाहिजे."

"घडाघडा कुणीच नाही वाचत अजून मॅडम. आता कुठे अक्षरं जोडायला लागलीत."

"मग तुला कशाला ठेवलीय?"

मी रेश्माला निवडलं. आणि पोरगी तयार केली.

त्याच दिवसांत रेश्माला अक्षर लागायला लागलं होतं. स्टेशनच्या पाटीखाली मान वर करून उभी राहिली होती एकदा. "क... ळ... वा. ताई! कळवा! आपलं कळवा!" तिथून तिला पुढे न्यायचं होतं. मी तिथेच थांबवलं. अक्षरं बाजूला ठेवली आणि तीन आठवडे बकरीचं पान पाठ करून घेतलं. पुस्तकही त्याच पानावर दाबून दाबून ठेवलं. हातात घेतलं की आपोआप तिथेच उघडावं म्हणून. एवढी अक्कल मी त्यात घातली.

सगळे हसले तेव्हा मॅडमनी माझ्याकडे बघितलं. मी काय बोलले, ते नऊ वर्षं कुणाला सांगितलं नव्हतं. नवऱ्यालाही नाही.

मी म्हणाले, "घरीच वातावरण नाही हो सर. आई धुणीभांडी करते. अशा मुलांकडून काय अपेक्षा करायची?"

रेश्माचं हसू गेलं. तिने पुस्तक मिटलं. नीट, दोन्ही हातांनी.

ते वाक्य माझं नव्हतं. मला ते मिळालेलं होतं.

मी तिसरीत होते. गुरुजींनी उभं केलं. "वाच." मला एक अक्षर येत नव्हतं. गुरुजींनी पहिलीच्या वर्गातून स्वतःच्या मुलीला बोलावलं. तिने ते पान भरभर वाचलं. मग गुरुजी वर्गाला म्हणाले, "हिचा बाप झाडू मारतो. घरात कसलं आलंय वातावरण? हिच्याकडून काय अपेक्षा करायची?" त्या दिवसापासून शाळा सुटली की त्या मुलीचं दप्तर मी घरी पोचवायचं, असं ठरलं. दारापर्यंत. आत नाही.

मला वाचायला शिकवलं माझ्या आक्काने. ती सातवीतून घरी बसलेली. भाकऱ्या झाल्या की शेजारी येऊन बसायची, माझं बोट धरून अक्षरावर ठेवायची. "बोट आधी, तोंड मागून. तोंड पुढे पळालं तर ते वाचन नाय, ती पोपटपंची." तेवढ्यावर मी वाचायला लागले. शेजारी बसणारं एक माणूस. बाकी काही लागत नाही. हे मला कुणी प्रशिक्षणात शिकवायची गरज नव्हती. माझ्या बोटाला माहीत होतं. तरी रेश्माचं तोंड मी पुढे पळवलं.

कंपनीने पैसे बंद केले नाहीत. वेगळ्या कामाला दिले. साहेब म्हणाले, "माणसांवर केलेला खर्च दिसत नाही." मग वर्गाची एक खोली रंगवली. भिंतीवर मुळाक्षरं, खाली गाद्या, दारावर कंपनीच्या नावाची पाटी. बाकीच्या दोन ताया घरी गेल्या. मला ठेवलं. खोलीची किल्ली माझ्याकडे. शाळाभर पोरं, आणि मी गाद्यांवरची धूळ झटकतेय.

रेश्मा दुसरीत गेली. एकदा व्हरांड्यात दिसली. म्हटलं, "ये की गं, वाचू आपण."

"नको ताई. आमच्या घरी वातावरण नाहीये."

सात वर्षांची होती.

गेल्या वर्षी दवाखान्याच्या रांगेत मला कुणीतरी हाक मारली. ओढणी, लांब वेणी, काखेत आईचा हात धरलेला. मी ओळखलंच नाही. तिने ओळखलं.

"ताई, मी रेश्मा! बकरीवाली! मला अजून पाठ आहे. म्हणू?"

आणि म्हणाली. सगळं पान. ताराच्या घरी बकरी आहे. एक शब्द इकडचा तिकडे नाही. रांगेतली माणसं कौतुकाने बघत होती. म्हणून झाल्यावर तिने हातातला केसपेपर माझ्यापुढे धरला.

"ह्यात काय लिहिलंय ते सांगा ना. आईला कुठल्या खोलीत न्यायचं? सगळे नुसते पुढे जा म्हणतात."

खोलीचा नंबर होता. आणि दोन शब्द: रक्त तपासणी. मी वाचून दाखवलं.

"रविवारी घरी येशील? मी शिकवते."

"आता काय ताई," ती म्हणाली. "बघते."

चार रविवार वाट बघितली. आली नाही.

तेव्हापासून ते पान मला घरात ऐकू येतं. कुकरची शिट्टी होते, आणि मागून तो आवाज. पाला हिरवा आहे. भाजी निवडताना माझंच बोट ताटाच्या कडेने सरकत राहतं, ओळ नसलेल्या ठिकाणी.

यंदा पुन्हा पाहुणे आले. साहेब नवे, मॅडम त्याच.

"पोरगी तयार आहे ना गं?"

"मुली वर्गात आहेत मॅडम. दाखवायला कुणी नाही."

तेच पुस्तक मी कपाटातून काढलं. हातात धरलं, तर अजून त्याच पानावर उघडलं. पाहुण्यांसमोर उभं राहून मी बकरीचं पान वाचलं. मग म्हणाले, "हे मी एका मुलीला पाठ करायला लावलं. तुम्ही खूश व्हावं म्हणून. तुमच्या माणसांसमोर तिला नावं ठेवली, ती मीच. आज ती पंधरा वर्षांची आहे. तिला आईचा केसपेपर वाचता येत नाही. ही खोली बंद करा, आणि तिन्ही ताया परत द्या."

नवे साहेब मोबाइल बघायला लागले. मॅडम घाईने म्हणाल्या, "हिची तब्येत बरी नाहीये हल्ली."

"माझी तब्येत ठीक आहे."

बाहेर आल्यावर मॅडमनी हात पुढे केला. "किल्ली दे. सोमवारपासून येऊ नकोस."

किल्ली दिली. सोमवारी पालिकेच्या शिक्षण विभागात गेले. अर्ज हाताने लिहिलेला. पहिलीत ज्याला अक्षर लागत नाही, त्याच्या शेजारी बसायला माणूस हवं. त्याचा पगार पालिकेच्या खर्चातून हवा. कुणाच्या खुशीतून नको.

कारकुनाने अर्ज वाचला. "बाई, हे कंपन्या करतात हो."

"शाळेला खडू कोण देतं?"

"आपण. म्हणजे पालिका."

"मग माणूसही पालिकेनेच द्यायचं."

त्याने अर्ज गठ्ठ्यावर टाकला. पोच मागितली तर म्हणाला, नंतर या. मी टेबलापासून हलले नाही. मागची माणसं ओरडायला लागली, तेव्हा त्याने शिक्का मारला.

पुढच्या सोमवारी पुन्हा गेले. त्याच्या पुढच्याही. घरी बसवलेल्या दोघी ताया आता बरोबर असतात.

रेश्माची माफी मी मागितलेली नाही. मागणारही नाही. ती "जाऊ द्या ना ताई" म्हणेल आणि मी मोकळी होईन. मला मोकळं व्हायचं नाहीये. हे मी लिहिलंय, ते तिला वाचता येणार नाही. हे मनात धरून दर सोमवारी त्या कचेरीचा जिना चढायचा.